दोनदा उघडलेलं झाकण

१

काराकोल गावच्या बाजारात बुटांच्या गल्लीच्या टोकाला जपार उस्ताचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, मालगाडीवरून उतरवलेला लोखंडी कंटेनर. उन्हाळ्यात तवा आणि हिवाळ्यात बर्फाची पेटी. सकाळी नऊला कुलूप काढायचं, शेगडीत कोळसे घालायचे, किटली चढवायची, आणि पाण्याला आधण येईपर्यंत काल अर्धवट राहिलेला लॅपटॉप कापडाखालून टेबलावर घ्यायचा, असा त्याचा बऱ्याच वर्षांचा क्रम. चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग दिवसभर तोच शोधत बसायचा, हेही त्या क्रमातलंच.

त्याला दोन गोष्टींचा मनापासून वैताग होता. एक, ‘मी काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं’ म्हणणारं गिऱ्हाईक. दुसरी, झोपवल्यावर धड न उठणारं मशीन. त्या सोमवारी बेर्मेत नावाची एक बाई दोन्ही घेऊन आली.

डोक्याला पांढरा रुमाल होता, म्हणजे घरात सुतक. काखेतला लॅपटॉप तिनं टेबलावर असा ठेवला, जसं कुणी झोपलेलं मूल खाली ठेवावं.

“काय होतंय?” जपारनं विचारलं.

“झाकण लावलं की झोपतो. उघडलं की घरघरतो, निळा पडतो आणि बंद होऊन परत पहिल्यापासून चालू होतो.”

“पडला होता? पाणी सांडलं?”

“मी काहीच केलं नाही, बायके,” ती म्हणाली; बायके म्हणजे दादा.

“वाटलंच मला,” जपार पुटपुटला. “मग झोपवू नका ना त्याला. बटणानं बंद करा, बटणानं चालू करा. मिटलं.”

“तसं करून बघितलं. चालू होतो, पण कॉलच लागत नाही.” तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. “सासूबाई गेल्या. माझा नवरा, तालाय, उत्तरेला खाणीत कामाला आहे. त्याला अजून कळवलेलं नाही.”

यात जपारला नवल वाटलं नाही. परमुलखातल्या माणसाच्या अंगावर अशी बातमी धोंड्यासारखी फेकत नाहीत. आधी ‘आई जरा आजारी आहे’, मग ‘बोलत नाही’, असं करत करत त्याचं मन उतरणीला आणायचं. मग एक दिवस घरातली वडीलधारी माणसं त्याच्यासमोर बसतात आणि आडवळणाच्या चार ओळींतून त्याला सांगतात. वाडवडिलांपासूनची ही रीत.

“त्याला काय सांगितलंय?”

“आईचा घसा धरलाय. डॉक्टरनं एक शब्दही बोलायचा नाही म्हणून सांगितलंय.”

“किती दिवस झाले?”

“आज एकतिसावा. पुढच्या बुधवारी चाळिसावा. त्याच्या आत त्याला कळलं नाही तर तो जन्मभर आमचं तोंड बघणार नाही. आणि बाहेरच्या कुणी फोनवर पटकन बोलून टाकलं तर...” तिनं रुमालाचं टोक दातात धरलं. “तिकडं त्याचा मोबाइल फक्त रविवारी, वस्तीवर आला की लागतो. तोंड बघून बोलायचं तर खाणीतल्या कॉम्प्युटरवर, रोज दुपारी तीन दहाला, पाव तास. त्याचे मामा म्हणतात, नुसत्या आवाजावर सांगायचं नाही, तोंडं दिसली पाहिजेत. मी माझ्या फोनवरून त्या वेळेला लावते तर त्याची लाईन गुंतलेली. आणि यात बघावं तर हे.”

जपारनं लॅपटॉप बटणानं चालू केला. कॉलचा प्रोग्रॅम उघडला. मधोमध एक ओळ होती: ‘आपले संभाषण चालू आहे.’ कॉल तोडायचं बटण मात्र कुठंच नव्हतं.

“कॉल चालू असताना झाकण लावलं होतं का कुणी?”

बेर्मेतनं नुसती मान हलवली; ती हो होती की नाही, हे जपारला कळलं नाही.

“बरं,” तो म्हणाला. “कॉल अर्धवट अडकलाय. मशीन नीट उठलं की तो आपोआप तुटेल. उठतानाच कोसळतंय, म्हणून अडकून बसलाय. दोन दिवसांत देतो.”

असं तो सगळ्यांनाच सांगायचा.

२

मागचं झाकण काढलं तर आत पीठ.

थोडंथोडकं नाही. कीबोर्डाच्या फटीत, पंख्याच्या पात्यांवर, बिजागरीत. जपारनं ब्रश घेतला आणि तोंडानं चडफडत पीठ झाडू लागला.

“पोळपाट आहे का हा?”

शेजारच्या गाड्यावर खालिमा एजे, म्हणजे खालिमाताई, थंड शेवयांचे वाडगे विकायची. साठीची, आडव्या बांध्याची, जीभ सुरीसारखी. तिनं आत डोकावून पाहिलं. “जपार, बेकरी काढलीस होय? चांगलं केलंस. दुरुस्तीत तसंही तुला यश नव्हतंच.”

“एजे, तुमची शेवई तुमच्याकडं. मला काम करू द्या.”

“तू काम करतोस ते मी बावीस वर्षं बघतेय. तू मशीनशी भांडतोस. मशीनला कंटाळा आला की ते चालू होतं.”

ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्यानं पीठ झाडलं. मेमरी काढून पुसून बसवली. झाकण लावलं, दिवा संथ लुकलुकायला लागला, म्हणजे झोपलं. उघडलं. पंखा घरघरला, पडदा काळा, मग निळा, मग बंद. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर बघितलं. तेच. चार्जर बदलला. तेच. आतले सगळे प्रोग्रॅम ताजे केले, त्यात दुपार गेली, शेगडी विझली, चहाचा बर्फ झाला. आणि झाकण उघडलं तर तेच.

“अरे, माणूस झोपेतून उठतो, कुत्रं उठतं, कोंबडी उठते,” जपार त्याला म्हणाला. “तुला काय धाड भरलीय?”

मंगळवारी दुपारी भूक लागली, तेव्हा टेबलावर रिकामी जागा नव्हती. सगळीकडं स्क्रू मांडलेले. त्यानं लॅपटॉप झोपवला, खालिमाकडून वाडगा घेतला, झाकणावरच ठेवला आणि भिंतीला टेकून सावकाश खाल्लं. तिखटानं नाकाला पाणी आलं. वाडगा उचलला तेव्हा साडेतीन वाजले होते. झाकण उघडलं. घरघर, काळं, निळं, बंद.

मग कुठं त्याला वाटलं, की मशीनलाच विचारावं.

प्रत्येक मशीन आत नोंदी ठेवतं. केव्हा झोपलं, केव्हा उठलं, कशानं उठलं. जपारनं त्या नोंदी काढल्या आणि चष्मा शोधला. चष्मा कपाळावर होता.

रोज एक ओळ होती. न चुकता.

‘झाकण उघडले. ३:१०.’

काल. परवा. त्याच्या आदल्या दिवशी. थेट महिन्याच्या मागंपर्यंत. झाकण बंद केल्याची नोंद मात्र एकही नाही. एक होती, फार मागं, एकतीस दिवसांपूर्वीची, ३:११ ची. त्यानंतर नुसतं उघडणं. ते झोपत होतं खरं, पण बंद न होता, जसं एखादं म्हातारं माणूस खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतं तसं.

शेवटच्या दोन ओळी आजच्या होत्या. ‘झाकण उघडले. ३:१०.’ आणि ‘झाकण उघडले. ३:३१.’ त्याखाली कोसळल्याची खूण.

साडेतीनची नोंद त्याची स्वतःची. तीन दहाला झाकणावर शेवयांचा वाडगा होता.

३

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. हे जपारनं स्वतःला बुधवारी सकाळी दोनदा सांगितलं. झाकणाच्या कडेला तांदळाएवढा चुंबक असतो. खाली बोर्डावर त्याला ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आला की मशीन समजतं झाकण मिटलं, लांब गेला की समजतं उघडलं. सेन्सर बिघडला की मशीनला वेड्यासारखं काहीही वाटायला लागतं. आणि मग कोसळण्याचंही कारण सरळ होतं. मशीनच्या लेखी झाकण आधीच उघडं. आपण परत उघडतो. उघडलेलं दार परत कसं उघडणार? बिचारं गोंधळतं आणि पडतं.

“सापडलं!” तो मोठ्यांदा म्हणाला.

“चष्मा?” खालिमा बाहेरून ओरडली.

एका मोडीत काढलेल्या लॅपटॉपमधला सेन्सर काढून त्यानं यात बसवला. बुधवारी ३:१०. झाकण उघडले. झाकण मिटलेलं होतं, समोर होतं, आणि त्यावर त्याचा हात होता.

मग मात्र तो चिडला. गुरुवारी सकाळी त्यानं सोल्डर सोडवून तो सेन्सरच काढून टाकला. चुंबकही काढला. दोन्ही एका काड्यापेटीत घातलं, काड्यापेटी खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. आता मशीनला झाकण आहे हेच कळायला नको होतं. आंधळ्याला दिवा लागला काय, विझला काय. झोपवायचं तेसुद्धा त्यानं बटणावरून झोपवलं.

गुरुवारी दुपारी पावणेचारला त्यानं नोंदी पाहिल्या.

‘झाकण उघडले. ३:१०.’

त्यानं खिसा चाचपला. काड्यापेटी होती. उघडून बघितली. दोन्ही आत.

“कोण सांगतं रे तुला?” त्यानं विचारलं. या वेळी जरा हळू.

कीबोर्डाच्या कडेला, जिथं माणूस मनगट टेकवतं तिथं, पांढरं काही दिसलं. बोट फिरवलं. पीठ. सोमवारी झाडलं, मंगळवारी पुसलं, काल ओल्या फडक्यानं निपटून काढलं. आत कुठंतरी दडून बसलं असेल, पंख्यानं उडवलं असेल. पंख्यानं उडालेलं पीठ सगळीकडं सारखं बसायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. हे दोनच जागी होतं. डावीकडं आणि उजवीकडं.

त्यानं ब्रश घेतला आणि ते झाडलं. पण तोंडानं काही बोलला नाही.

४

शुक्रवारी त्यानं ठरवलं, की बसून बघायचं. दुसरं काही काम करायचं नाही.

लॅपटॉप झोपवून टेबलावर ठेवला. आपण मागं, शेगडीजवळच्या खोक्यावर बसला. टेबल आणि तो यांच्यामध्ये त्याचं रोजचं स्टूल होतं, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जुनी उशी. उशी जाड होती. कुणी बसून उठलं की सावकाश फुगायची. दार उघडं होतं. बाहेर ऊन पडलं होतं, छपरावरचा बर्फ वितळून टपटपत होता, खालिमा कुणाशी तरी मिरचीवरून वाद घालत होती. भीती वाटावी असं त्या दुपारीत काहीच नव्हतं.

तीन दहाला पंखा सुरू झाला.

दिवा लुकलुकायचा थांबला. झाकण मिटलेलं. फटीतून उजेडाची रेघ सुद्धा नाही. मग आतून कॉल लागल्याची टुणटुण आली आणि पाठोपाठ एका पुरुषाचा आवाज, झाकणाखाली दबलेला, रजईतून बोलल्यासारखा.

“आपा! आलीस? किती वेळ वाट बघायची? बरी आहेस ना? बोलू नकोस, बोलू नकोस, नुसती मान हलव.”

जरा थांबून आवाज हसला. “शाब्बास.”

आपा म्हणजे आई. जपार हलला नाही. अडकलेला कॉल, त्यानं स्वतःशी म्हटलं. सुटला. मशीन झोपेत अर्धवट उठलं आणि कॉल सुटला, एवढंच. कॉल एकतर्फीही लागतो. लागतोच.

आवाज बोलत राहिला. मेसमधल्या कोबीच्या सुपाला माणसानं काय म्हणावं. नवे बूट चावतात. बेर्मेत पैसे पाठवू नका म्हणते, पण तू तिचं ऐकू नकोस, दात बसवून घे. मध्ये मध्ये तो थांबायचा. नुसता थांबायचा नाही. समोरचं माणूस हसलं, डोळे वटारले, हातानं ‘चल’ म्हटलं, की जेवढं थांबावं तेवढं थांबायचा. जपारनं उभ्या जन्मात हजार लोकांना फोनवर बोलताना ऐकलं होतं. ऐकणारं कुणी आहे की नाही, हे त्या थांबण्यावरून कळतं.

“हातांना पीठ आहे अजून. बेर्मेतला मळू दे की. आणि हे कुठं बसलीयेस आज?” आवाज जवळ आला. “चार दिवस झाले, भिंत वेगळीच दिसतेय. आपलं घर नाही हे. आणि आपा, तुझ्या मागं तो माणूस कोण बसलाय? चष्मा कपाळावर चढवलेला?”

जपारचा हात आपोआप कपाळाकडं गेला.

“बघ, बघ, चष्म्याला हात लावतोय,” आवाज हसून म्हणाला. “जिवंत आहे म्हणजे. मला वाटलं फोटोच आहे.”

जपारच्या समोर स्टूल होतं, रिकामं. त्यापलीकडं मिटलेलं झाकण. दुसरं काही नाही. कितीही बघितलं तरी दुसरं काही नाही. त्यानं डोळ्याची पापणी न हलवता बघितलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तीन पंचवीसला पंखा थांबला. दिवा परत लुकलुकायला लागला.

आणि मग स्टुलावरची उशी, जी मधोमध खोल दबलेली होती आणि जिच्याकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं, ती हळूहळू वर यायला लागली. फडक्याखाली कणीक फुगते तशी.

५

बेर्मेतचं घर गावाच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागेपाशी. जपार लॅपटॉप काखेत मारून तिथं पोचला तेव्हा त्याला दम लागला होता आणि रागही मावत नव्हता. घाबरलेल्या माणसाला राग फार उपयोगी पडतो.

बेर्मेत अंगणात कढईपाशी होती. शुक्रवार होता. गेलेल्या माणसाला वास पोचावा म्हणून तेलात बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळायचे, त्याचा तो वार.

“बाई, मी काय कीर्द तपासणारा आहे का पोलीस आहे?” तो दारातूनच ओरडला. “डॉक्टरपासून आणि कारागिरापासून काही लपवू नये एवढंही कळत नाही? चार दिवस! चार दिवस मी त्या पट्ठ्याची आतडी बाहेर काढून बसलोय! खरं काय झालं ते सांग!”

“बायके, हळू...”

“हळू नाही! झाकण कुणी लावलं होतं?”

झारा तिच्या हातातून कढईत गळून पडला. आवाजानं घरातून एक उंच म्हातारा बाहेर आला. पांढरी दाढी, डोक्यावर नमद्याची टोपी. गेलेल्या सासूबाईंचा, साल्किनआपाचा, थोरला भाऊ, बेकमुरात मामा.

“मी लावलं,” बेर्मेत म्हणाली. “त्या रोज कणीक मळून ठेवायच्या आणि तीन दहाला त्याच्याशी बोलायला बसायच्या. हातसुद्धा धड धुवायच्या नाहीत, उशीर होईल म्हणून. त्या दिवशी मी आत आले तर कॉल लागत होता, ते चाक फिरत होतं. आणि त्यांचं डोकं खाली, हातांवर. मी हलवलं. एक क्षण, बायके, एक क्षणच राहिला होता, त्याचं तोंड दिसणार होतं आणि त्याला त्या तशा दिसणार होत्या. मी त्यांना मागं ओढलं आणि झाकण लावून टाकलं.”

“आणि पुढं?”

“पुढं काय. मग एका रविवारी त्याचा फोन आला. मी म्हटलं, आईचा घसा धरलाय, बोलायला मनाई आहे, आणि कॉम्प्युटरही बिघडलाय. तर तो म्हणाला...”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तरीच गप्प असते. पण कॉम्प्युटर कुठं बिघडलाय? रोज तर उघडते ती.”

कढईतले बोरसोक काळे पडायला लागले होते. कुणी काढले नाहीत.

“आपण त्याला सांगितलं की आई बोलत नाही,” बेकमुरात मामा सावकाश म्हणाला. “म्हणून त्याला न बोलणारी आई चालली. आपणच जागा करून दिली.” त्यानं दाढीवरून हात फिरवला. “उस्ता, हे तुला दुरुस्त करता येईल का?”

“आबा, मी मशीनं दुरुस्त करतो.”

“मग मशीनचं सांग.”

जपारला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. तेच त्याला नको होतं. “मशीनमध्ये काही बिघाड नाही,” तो म्हणाला. “आपण उघडतो म्हणून ते कोसळतं. ते आधीच उघडलेलं असतं. दोनदा उघडलेलं त्याला सोसत नाही. तेव्हा... आपण उघडायचं नाही. हात लावायचा नाही. वेळेवर तिच्या मागं जाऊन उभं राहायचं. तालायला आपण दिसू. मला बघितलंय त्यानं.”

“कुणाच्या मागं?” बेर्मेतनं विचारलं, जणू तिला माहीतच नव्हतं.

६

शनिवारी त्यांनी लॅपटॉप नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. पुढं साल्किनआपाची खुर्ची. जपारनं सेन्सर परत बसवला नव्हता. काड्यापेटी अजून त्याच्या खिशातच होती. खुर्चीच्या मागं चौघं उभे राहिले: बेकमुरात मामा, बेर्मेत, शेजारची एक म्हातारी आणि जपार. त्याला खरं तर यायचं नव्हतं. ‘मशीन अडलं तर?’ असं बेर्मेत म्हणाली आणि त्याला नाही म्हणता आलं नाही.

खोलीत तेलाचा वास होता. भिंतीवरचं घड्याळ ठकठक करत होतं. दोन मिनिटं आधी बेर्मेतनं पुढं होऊन खुर्ची जरा सरळ केली, मग काय केलं ते लक्षात येऊन झटक्यानं मागं आली.

तीन दहाला पंखा सुरू झाला. टुणटुण.

“आपा! अरे, घरी आलीस! आणि हे काय, मामा? बेर्मेत?” मिटलेल्या झाकणातून आवाज खुलला. “आपा मधे खुर्चीवर आणि तुम्ही सगळे मागं उभे! लग्नाचा फोटो काढताय काय? आणि तो चष्मेवाला कोण आहे, त्याला आज तरी चष्मा डोळ्यांवर ठेवायला सांगा.”

कुणी हसलं नाही. बेकमुरात मामानं टोपी सारखी केली. त्याचा आवाज लहान मुलाला निजवताना असतो तसा निघाला.

“तालाय, बाळा. आपलं सरोवर गोठत नाही, म्हणून हंस हिवाळ्याला आपल्या काठाला येतात.”

“हंस?”

“हिवाळाभर ते काठाला होते. पाणी तेच आहे, काठ तोच आहे, लव्हाळं तेच. बर्फ वितळायच्या आत त्यांतला एक उठला. मागचे माना वर करून बघत राहिले.”

रीतीची ओळ ज्याला त्याला ओळखू येते. लहानपणी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभं राहून प्रत्येकानं ती ऐकलेली असते.

“कोण गेलं, मामा?” बऱ्याच वेळानं तालायनं विचारलं. “काका गेले का? सरळ सांगा. आपा समोर आहे म्हणून आडून बोलताय का?”

बेर्मेतनं तोंडात रुमाल कोंबला. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी दाढीत उतरत होतं, पण त्याचा आवाज हलला नाही.

“तुझी आई गेली, तालाय. साल्किन गेली. आज पस्तीस दिवस झाले.”

घड्याळाची ठकठक. बागेत कुठं तरी कावळा.

“हे असलं...” तालाय म्हणाला आणि थांबला. “हे असलं काय बोलता, मामा, ती इथंच...” आणि परत थांबला. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. लांबच्या खाणीतल्या मोठ्या माणसाचा राहिला नाही. “आपा? मागं वळून काय बघतेस?”

चौघांच्या पुढं खुर्ची होती. जुनी, लाकडी, पाठीवर लोकरीची शाल टाकलेली. रिकामी.

“आपा, माझ्याकडं बघ. त्यांच्याकडं नको. इकडं बघ ना.”

खुर्चीचं लाकूड करकरलं. अगदी थोडं. जड माणूस एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर भार देतं तेवढंच. जपार खुर्चीच्या पाठीकडं बघत होता आणि त्याला कळत होतं, की आपण जिथं बघतोय तिथून आपल्याकडं बघणं चाललंय. चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नजर खाली वळवली. शालीच्या काठावर, डाव्या बाजूला, चार पांढरी बोटं उठत होती. बोटं नव्हती, पिठाचे ठसे, एकामागून एक, कुणी पाठीमागं वळताना आधाराला हात टाकावा तसे.

“उठू नकोस,” तालाय म्हणाला. “आपा, उठू नकोस!”

पंखा थांबला.

७

मग बेकमुरात मामा म्हणाला, “उस्ता, उघड.”

जपारनं झाकण उघडलं. काळं झालं नाही, निळं झालं नाही. चांगल्या घरच्या मशीनसारखं ते एका दमात जागं झालं. पडद्यावर एक ओळ होती: ‘संभाषण संपले. अवधी: ३५ दिवस ११ मिनिटे.’

नोंदींमध्ये शेवटी आजच्या तीन ओळी होत्या. ‘झाकण उघडले. ३:१०.’ ‘झाकण बंद केले. ३:२१.’ आणि मग त्याची स्वतःची. त्यानं खिशावरून हात फिरवला. काड्यापेटी जागेवर होती. त्यानं झाकण मिटलं, उघडलं, मिटलं, उघडलं. सहा वेळा. एकदाही अडलं नाही.

“झालं,” तो म्हणाला. आपला आवाज त्याला परका वाटला.

तेवढ्यात बेर्मेतचा मोबाइल वाजला. शनिवार होता, नंबर अनोळखी. खाणीतल्या कुणाचा तरी सॅटेलाइट फोन तालायनं मागून घेतला असणार. तिनं बटण दाबलं आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. बराच वेळ नुसतं रडणं आलं, मोठ्या माणसाचं, ओबडधोबड. बेकमुरात मामा वाकून फोनवर हात फिरवत होता, जसा पाठीवर फिरवतात. तालाय येणार होता. उद्याची गाडी होती. चाळिसाव्याला पोचणार होता. मूठभर माती त्याच्या हातची पडणार होती. जे व्हायला हवं होतं, ते झालं होतं.

“मामा,” रडणं जरा ओसरल्यावर तालाय म्हणाला, “एक विचारू?”

“विचार, बाळा.”

“तिनं वळून तुम्हा एकेकाकडं बघितलं. मग परत माझ्याकडं. मग आपल्या हातांकडं. तसं तोंड मी तिचं कधी बघितलं नव्हतं.” त्यानं श्वास घेतला. “मला सांगायला पस्तीस दिवस थांबलात, ते समजलं. पण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं का?”

बेर्मेत खुर्चीकडं बघत होती, म्हातारी दाराकडं. फोन टेबलावर तसाच चालू होता, त्यात लांबवर खाणीचा भोंगा वाजला.

जपारनं लॅपटॉप मिटला. झाकणाच्या कडेला, बंद करताना माणूस जिथं धरतं तिथं, पीठ होतं. डावीकडं आणि उजवीकडं. त्यानं खिशातून ब्रश काढला, हातात धरला, आणि परत ठेवून दिला.